कोवळ्या मुठीची बांधणी

बॉक्सिंगच्या सरावाला उभे राहण्याआधी दोन्ही हातांना सुती पट्टी बांधली जाते. क्लबमध्ये तिला कोणी बँडेज म्हणतात, कोणी रॅप. तिच्यावर ग्लोव्ह चढतो. ग्लोव्हमध्ये फोम भरलेला असताना आत आणखी कापड कशाला, हा प्रश्न नव्या मुलाला आणि त्याच्या पालकांना हमखास पडतो. फोम ठोशाचा धक्का थोडा पसरवतो आणि समोरच्याची कातडी फाटू देत नाही. पण ग्लोव्हच्या आत हात मोकळाच राहतो. तिथे हाडे एकमेकांवरून सरकू शकतात, मनगट मुडपू शकते, अंगठा बाहेरच्या बाजूला खेचला जाऊ शकतो. हे टाळायचे तर हात आतून आवळून घ्यावा लागतो. पट्टीचे मुख्य काम हाताला बांधून ठेवण्याचे आहे; गादीचे काम तिला फारसे जमत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की पट्टी कुठे किती गुंडाळायची आणि कुठे अजिबात गुंडाळायची नाही, हे बरेचसे आपोआप कळते. वाढत्या वयातल्या मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातासारखा का बांधू नये, हेही त्यातूनच कळते.

माणसाच्या हातात 27 हाडे असतात. मनगटात आठ लहान हाडे दोन रांगांत बसलेली, त्यांच्यापुढे तळहातात पाच लांब हाडे, आणि बोटांत चौदा. मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात ती तळहातातल्या लांब हाडांची बोटांकडची टोके. ठोसा बसतो तो या टोकांवर, आणि धक्का त्या हाडांतून मागे मनगटाकडे जातो. पाचही हाडे सारखी पक्की बसवलेली असती तर कोणत्याही उंचवट्यावर ठोसा घेता आला असता. तशी ती नसतात. तर्जनी आणि मधले बोट यांची तळहातातली हाडे मनगटाशी जवळजवळ जखडलेली असतात. अनामिका आणि करंगळी यांची हाडे बऱ्यापैकी हलतात. मूठ सैल धरून मग जोरात आवळली आणि हाताच्या पाठीकडे पाहिले तर करंगळीकडची बाजू खाली दबताना दिसते, तर्जनीकडची जागची हलत नाही. कुदळीचा दांडा किंवा दोरी पकडताना ही हालचाल फार उपयोगी पडते, ठोशात मात्र ती नडते. म्हणून ठोसा पहिल्या दोन उंचवट्यांवर बसला पाहिजे, असे पहिल्या दिवसापासून घोकून घेतले जाते. तो करंगळीच्या उंचवट्यावर बसला तर त्यामागचे हाड टोकाच्या जरा मागे, त्याच्या मानेपाशी, वाकून मोडते. ही मोड शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर नाहीतर दारावर मूठ हाणणाऱ्यांमध्ये जास्त आढळते.

शिकलेल्या बॉक्सरचे दुखणे निराळे असते. ब्रिटनच्या ऑलिंपिक बॉक्सिंग पथकातील खेळाडूंच्या हाता-मनगटाच्या दुखापतींची 2005 ते 2012 या काळात पद्धतशीर नोंद ठेवली गेली. तीत दोन दुखापती ठळकपणे पुढे आल्या. तळहाताची हाडे मनगटाला जिथे मिळतात तो सांधा ढिला पडणे ही एक. पक्क्या जखडलेल्या त्या दोन हाडांवरच सगळे ठोसे बसत गेल्याने त्यांचे अस्थिबंध हळूहळू थकतात. दुसरी दुखापत मुठीच्या उंचवट्यावरची. बोट सरळ करणारी कंडरा उंचवट्याच्या बरोबर मध्यावरून जाते आणि दोन्ही बाजूंच्या पातळ पडद्यांनी जागेवर धरलेली असते. तो पडदा फाटला की मूठ वळताना कंडरा उंचवट्यावरून बाजूला घसरते, आणि सूज महिनोन्महिने उतरत नाही. मधल्या बोटाचा उंचवटा सर्वांत पुढे आलेला असल्याने हे दुखणे बहुधा त्याच्याच वाट्याला येते. याशिवाय अंगठ्याच्या बुंध्याशी सांध्यात शिरणारी मोड आहे. डब्लिनचे शल्यविशारद एडवर्ड बेनेट यांनी 1882 मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आखडलेल्या अंगठ्यावर टोकाकडून धक्का आला की ती होते. ठोसा चुकून कोपरावर किंवा कपाळावर बसला आणि त्या वेळी मूठ नीट मिटलेली आणि अंगठा आत धरलेला नसेल तरी पुरे.

या सगळ्यामागे बळ किती असते? डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी सात ऑलिंपिक बॉक्सरांचे ठोसे मोजले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मापनात सरळ ठोशाचे बळ सरासरी सुमारे 3,400 न्यूटन आणि हाताचा वेग सेकंदाला साधारण नऊ मीटर भरला. म्हणजे क्षणभर का होईना, साडेतीनशे किलो वजनाइतका दाब मुठीवर येतो, आणि जेवढा समोरच्याला बसतो तेवढाच उलटा हातावरही येतो. लहान मुलाचा ठोसा या आकड्याच्या जवळपासही जात नाही. पण तो झेलणारी हाडेही पक्की झालेली नसतात.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. हाड तिथून लांबीत वाढते. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. चार बोटांच्या तळहातातल्या हाडांत हा थर नेमका मुठीच्या उंचवट्याच्या मागेच असतो, म्हणजे ठोशाचा पहिला धक्का जिथे बसतो तिथे. अंगठ्याच्या हाडात तो मनगटाकडच्या टोकाला असतो. मुलींमध्ये साधारण 14 ते 16 या वयात आणि मुलांमध्ये त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत या थराचे हाड होते. तोवर तो आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही कच्चा असतो. मोठ्या माणसाचा अस्थिबंध ज्या धक्क्याने ताणला जाईल, त्याच धक्क्याने मुलाच्या हाडाचे टोक या थरावरून सरकू शकते. त्यामुळे मुलाच्या बाबतीत ‘नुसता मुरगळलाय, तेल चोळा’ हा घरगुती निवाडा धोक्याचा ठरतो. हात चांगला बांधला तरी ग्रोथ प्लेटवरचा धक्का नाहीसा होत नाही. बांधणीने एवढेच साधते, की धक्का वाकड्या दिशेने न येता हाडाच्या रेषेत येतो आणि एकाच हाडावर पडण्याऐवजी चौघांत वाटला जातो. सुटी लाकडे एकेक करून मोडता येतात, मोळी आवळून बांधली की मोडत नाहीत. तळहाताच्या हाडांभोवतीचे वेढे ही अशी मोळी बांधतात.

हात बांधण्याची रीत बॉक्सिंगच्या ग्लोव्हपेक्षा पुष्कळ जुनी आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या खेळांत मुष्टियुद्ध आहे, आणि तिथे डायोमिडीज आपल्या बाजूच्या युरायलसला लंगोट कसून देतो व हाताला बांधायला बैलाच्या कातड्याच्या वाद्या देतो. लढणाऱ्याची तयारी दुसऱ्या कुणीतरी करून द्यायची, ही चाल तेव्हापासून आहे. रोममध्ये क्विरिनल टेकडीच्या उतारावर 1885 मध्ये बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा एक ब्राँझचा पुतळा सापडला. तो आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातांवर कातडी वाद्या कशा गुंडाळल्या आहेत, कोणती बोटे मोकळी आहेत, हे अगदी स्पष्ट पाहता येते. पण या जुन्या वाद्यांचा रोख हळूहळू समोरच्याला जास्त लागावे याकडे गेला, आणि रोमन काळात त्यांत धातू शिरला. इंग्लंडमध्ये 1743 साली जॅक ब्रॉटनने नियम बांधले तेव्हाही लढती उघड्या मुठींनीच होत. ग्लोव्ह सक्तीचा झाला तो 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी. ग्लोव्हच्या आतली मऊ पट्टी ही त्यानंतरची, आणि तिचा रोख प्रथमच पूर्णपणे मारणाऱ्याच्या हाताकडे आहे.

बाजारात पट्ट्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक साध्या सुताची, जवळजवळ न ताणणारी; दुसरी थोडी लवचीक, विणीत रबर असलेली. दोन्हींच्या एका टोकाला अंगठ्यात अडकवायचा फासा आणि दुसऱ्या टोकाला वेल्क्रो असतो. लवचीक पट्टी हाताच्या आकारावर छान बसते आणि सराव होईतो सैल पडत नाही, म्हणून अनुभवी खेळाडू तीच घेतात. नवशिक्या मुलाला मात्र साधी सुती बरी. लवचीक पट्टी बांधताना ती किती ताणली गेली याचा अंदाज त्याला नसतो. बांधताना ठीक वाटते, आणि दहा मिनिटांनी हात गरम होऊन फुगला की आवळू लागते. औषधाच्या दुकानातले क्रेप बँडेज वापरणारेही पुष्कळ आहेत. स्वस्त आहे, सहज मिळते. पण ते गरजेपेक्षा जास्त ताणते, त्याला फासा नसतो, आणि चार-दोनदा धुतले की त्याचा जीव जातो. घाईच्या दिवसांत कामाला यावेत असे जेल भरलेले तयार आतले हातमोजेही आले आहेत. ते उंचवट्यांवर मऊ थर देतात खरे, पण मनगटाला म्हणावा तसा आधार देत नाहीत, म्हणजे पट्टीचे जे खरे काम तेच अर्धवट सोडतात.

लांबीच्या बाबतीत पालकांची फसगत होते. दुकानात समोर येते ती बहुधा साडेचार मीटरची, प्रौढांची पट्टी. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगच्या नियमांत पट्टीची लांबी अडीच मीटरपेक्षा कमी आणि साडेचार मीटरपेक्षा जास्त नसावी, रुंदी 5.7 सेंटिमीटर असावी, असे सांगितले गेले. म्हणजे साडेचार मीटर ही वरची हद्द आहे. ती पट्टीची योग्य लांबी म्हणून सांगितलेली नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा तळहात उंचवट्यांपाशी जेमतेम सात सेंटिमीटर रुंद असतो. पाच सेंटिमीटरची पट्टी एका वेढ्यातच त्याच्या हाताची पाठ जवळपास झाकून टाकते. साडेचार मीटर त्याच्यावर गुंडाळले तर हात बोळ्यासारखा जाड होतो, ग्लोव्ह चढत नाही, चढला तर मूठ मिटत नाही. आणि न मिटलेली मूठ हेच दुखापतीचे पहिले कारण. या वयाला अडीच ते तीन मीटर पुरते. पुढे हात वाढेल तशी लांब पट्टी घ्यावी. ‘दोन वर्षे पुरेल’ म्हणून गणवेश मापाहून मोठा घेण्याची आपली सवय इथे कामाची नाही.

बांधण्याआधी हात कोरडा, नखे कापलेली, अंगठी, कडे, गंडा-दोरा उतरवलेला असावा. मनगटातला दोरा पट्टीखाली राहिला की अर्ध्या तासात त्याचा वळ उठतो, आणि घामाने ओला झालेला दोरा कातडीत रुततो. घरचे काही म्हणाले तरी सरावापुरता तो काढून ठेवावा लागतो. मग हात पुढे करून बोटे फाकवायची. बोटे मिटलेली ठेवून बांधले की पट्टी छान गुळगुळीत बसते, पण पुढे मूठ वळताना हाडांना पसरायला जागा उरत नाही आणि हात बधिर होतो. बोटे ताठ फाकवलेली, मनगट सरळ, ना वर उचललेले ना खाली पडलेले, ही स्थिती शेवटपर्यंत टिकवायची. लहान मुलांचे लक्ष उडते आणि हात सैल पडतो, तेव्हा बांधणाऱ्यालाच तो पुन:पुन्हा सरळ करावा लागतो.

फासा अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून करंगळीच्या बाजूला न्यायची. सुरुवातीची दिशा चुकली आणि पट्टी तळहाताकडून निघाली, तर मूठ वळताच ती सैल पडते. पाठीवरून निघालेली पट्टी मूठ वळल्यावर उलट घट्ट बसते. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच. तिथून मनगटाला तीन वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकत असावा आणि सांध्याच्या दोन बोटे खालून सुरू होऊन सांध्यावर यावा. नेमक्या सांध्यावर एकावर एक वेढे रचले तर दोरी बांधल्यासारखे होते, आधार मिळत नाही. इथे पट्टी थोडी ताणून चालते, कारण मनगटाला मूठ वळताना फारसा आकार बदलावा लागत नाही.

मनगटावरून पट्टी हाताच्या पाठीवरून तिरकी वर चढवून उंचवट्यांभोवती तीन वेढे द्यायचे. त्यांची उंची हा सगळ्या बांधणीतला नाजूक भाग आहे. पट्टी खाली राहिली तर उंचवटे उघडे पडतात. फार वर गेली तर बोटांचा पहिला सांधा अडतो आणि मूठ अर्धीच मिटते. पट्टीच्या रुंदीचा मध्य उंचवट्यांच्या ओळीवर आला की बरोबर. हे वेढे मनगटाच्या वेढ्यांइतके ओढायचे नाहीत, कारण मूठ वळली की हा भाग रुंदावतो. तीन वेढे झाल्यावर मुलाला मूठ वळायला सांगावी. पट्टी गच्च वाटली पाहिजे आणि बोटे उघडल्यावर किंचित ढिली. उघड्या हातावरच ती गच्च असेल तर सगळे सोडून पुन्हा बांधावे. वरून एखादा वेढा सैल करून भागत नाही.

त्यानंतर पट्टी अंगठ्याच्या बुंध्याकडून हाताच्या पाठीवर तिरकी येते, करंगळी आणि अनामिका यांच्यामधल्या फटीतून तळहाताकडे जाते आणि परत अंगठ्याच्या बुंध्याशी येते. असेच पुढच्या दोन फटींतून. हाताच्या पाठीवर यामुळे एकावर एक फुल्या पडतात. फटीतून गेलेली पट्टी बोटांना एकमेकांवर आदळू देत नाही आणि उंचवट्यांवरचे वेढे मागे घसरू देत नाही, हा तिचा खरा फायदा. प्रौढ हाताला तिन्ही फटींतले वेढे हवेतच. अकरा-बारा वर्षांच्या हाताला मात्र बहुतेकदा एखादा पुरतो. बारीक बोटांच्या मधे जाड कापड बसले की बोटे फाकलेलीच राहतात, आणि मूठ मिटवायला मुलाला नाहक जोर लावावा लागतो. मूठ मिटत नसेल तर आधी फटींतले वेढे कमी करावेत, मग उंचवट्यांवरचे. मनगटावरचे कधीच नाही. काही कोच फटींतून नेण्याऐवजी पाठीवरच आठाच्या आकड्यासारखे दोन वेढे देतात. लहान हाताला तेही चांगले.

अंगठ्याला एकच वेढा. बुंध्याभोवती फिरवून पट्टी पुन्हा हाताच्या पाठीकडे आणायची म्हणजे अंगठा तळहाताच्या बाजूला धरलेला राहतो. पट्टी उलट बाजूला ओढली गेली तर ती अंगठ्याला बाहेर खेचत राहते. हे टाळण्यासाठीच तर बांधायचे होते. उरलेली लांबी उंचवट्यांवर एक वेढा आणि बाकी सगळी मनगटावर संपवावी. वेल्क्रो मनगटाच्या बाहेरच्या अंगाला आला तर ग्लोव्हमध्ये टोचत नाही. तळहाताच्या मध्यावर शक्य तितके कमी कापड ठेवावे. तिथली प्रत्येक जादा घडी मुठीत दगड धरल्यासारखी होते.

बांधणी झाल्यावर ग्लोव्ह चढवण्याआधी अर्धा मिनिट थांबून बोटांकडे पाहावे. नखावर दाबून सोडले की पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील, ती गार किंवा निळसर झाली असतील, तर पट्टी सोडावी. मुले हे आपणहून सांगत नाहीत. घट्ट बांधलेला हात त्यांना जास्त जोरदार वाटतो, आणि कोचसमोर कुरकुर करायची नसते, असा त्यांचा समज असतो. म्हणून विचारावे लागते, आणि ‘दुखतंय का?’ असे न विचारता ‘बोटं जागी आहेत का? मुंग्या येताहेत?’ असे विचारावे लागते.

पहिले काही आठवडे कोचने किंवा मोठ्या खेळाडूने हात बांधून द्यावा आणि मुलाने पाहावे. नंतर त्याने स्वतः बांधायला शिकावे. क्लबमध्ये पंधरा मुले आणि एक सर, अशा परिस्थितीत ते अपरिहार्यही आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावा हात बांधणे सोपे जाते आणि उजवा जड जातो, म्हणून त्याने उजवा हात आधी बांधावा. अनाडी डावा हात मोकळा असेपर्यंतच ते काम नीट होते. घरी अभ्यासाच्या टेबलाशी बसून दोन्ही हात चार-चारदा बांधून सोडले की आठवडाभरात वेढे बसू लागतात. स्वतः बांधणाऱ्या मुलाला आपल्या हाताचा कोणता भाग दुखतो, कुठे आधार कमी पडतो, हे लवकर कळते.

पट्टी नेहमीच बांधायची का, यावर कोचांत एकमत नाही. दोरीवरच्या उड्या आणि शॅडो यांना ती लागत नाही; हवेत मारलेल्या ठोशाला उलटा धक्का नसतो. तरीही बरेचजण पहिल्यापासून बांधूनच शॅडो करायला लावतात, सवय व्हावी म्हणून. बॅग, पॅड आणि स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) यांत मात्र बिनपट्टीचा हात मुळीच चालू नये. त्यातही जड बॅग सर्वांत वाईट. पॅड धरणारा माणूस हात किंचित मागे घेऊन धक्का पचवतो, बॅग काही करत नाही. मनगट दोन अंश वाकडे असले तरी तिचे वजन ते पुरते मुडपून टाकते. म्हणून मुलांना जड बॅग उशिरा आणि हलक्या हाताने द्यावी. पट्टी आणि ग्लोव्ह चढले की हात दुखायचा थांबतो आणि मुलगा जोर वाढवतो. ही या साधनांची दुसरी बाजू आहे, आणि ती साधने विकणारे कधी सांगत नाहीत.

हाच मुद्दा डोक्यापर्यंत जातो. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर मारणाऱ्याचाच हात मोडतो. बांधलेल्या आणि ग्लोव्ह घातलेल्या मुठीने ते निर्धास्तपणे करता येते. पट्टी मारणाऱ्याला वाचवते, मार खाणाऱ्याच्या मेंदूला तिचा काही उपयोग नाही. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 मध्ये संयुक्त निवेदन काढून मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केला, तो मुख्यतः डोक्याच्या दुखापतींमुळे. मुलाला क्लबमध्ये घालणाऱ्या पालकांनी हात कसा बांधतात हे जरूर पाहावे, पण स्पॅरिंग कोणत्या वयात, किती आणि कोणाशी लावतात हे त्याआधी विचारावे.

स्पर्धेत पट्टीला शिस्त लागते. अधिकारी ती तपासतात, त्याखाली किंवा त्यावर दुसरे काही लावू देत नाहीत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वेल्क्रोच्या पट्टीऐवजी गॉज आणि चिकटपट्टी वापरून हात दर वेळी नव्याने बांधतात, आणि प्रतिस्पर्ध्याचा माणूस ते होताना समोर उभा राहून पाहतो. हा पहारा का लागतो ते 24 जानेवारी 2009 रोजी लॉस एंजेलिसमध्ये दिसले. शेन मोझलीविरुद्धच्या लढतीआधी अँटोनियो मार्गारिटोच्या पट्टीत कडक झालेले पॅड मोझलीचे प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन यांच्या नजरेला आले. तपासणीत प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये असणारी मूलद्रव्ये सापडली. मार्गारिटोचा परवाना गेला, आणि लढतही तो हरला. 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईस रेस्टोने फोम काढलेल्या ग्लोव्हने बिली कॉलिन्सला जबर जखमी केले होते, आणि हाताच्या पट्टीलाही प्लास्टर लावले होते अशी कबुली त्याने पुष्कळ वर्षांनी दिली. मुलांच्या स्पर्धांत असले काही घडत नाही. तिथे पंच बहुधा सुटलेला वेल्क्रो नीट लावून घेण्यापुरतेच हटकतात. पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये स्पेनमधील ला नुसिया येथे 52 किलो गटात युवा जगज्जेती झाली. त्या पातळीपर्यंत जाणाऱ्या मुलामुलींसाठी हात बांधणे दात घासण्याइतके रोजचे झालेले असते.

सराव संपल्यावर पट्टी ओढून काढू नये, वेढा वेढा सोडवावी. हात मोकळा झाला की पाहणी करण्याची हीच वेळ. एखादा उंचवटा बाकीच्यांपेक्षा खाली बसलेला दिसला, मूठ वळल्यावर एक बोट दुसऱ्यावर चढू लागले, किंवा अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. खळग्यातले दुखणे फसवे असते: तिथल्या होडीच्या आकाराच्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळून येत नाही. सूज उतरेपर्यंत हातावर ठोसा घ्यायचा नाही. घट्ट बांधून सराव चालू ठेवणे हा उपाय क्लबमध्ये अजूनही ऐकू येतो, आणि तो साफ चुकीचा आहे.

पट्टी रोजच्या रोज धुवावी. घामाचे मीठ वाळले की कापड करवतीसारखे होते आणि बोटांच्या फटींत कातडी सोलते. ओली पट्टी पिशवीत तशीच राहिली तर नायटा होण्याची भीती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा खरा प्रश्न असतो. जाड सुती पट्टी पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन जोड हवेतच. धुताना वेल्क्रो मिटून ठेवावा, नाहीतर तो पट्टीचेच धागे ओढतो. वाळल्यावर गुंडाळी वेल्क्रोच्या टोकाकडून सुरू करावी म्हणजे दुसऱ्या दिवशी फासा बाहेर, हाताशी येतो. लवचीक पट्टीचा ताण गेला की ती टाकून द्यावी. सुती पट्टीचे कापड मात्र वर्ष-दोन वर्षे टिकते. आधी जातो तो वेल्क्रो. शिंप्याकडून नवा वेल्क्रो शिवून घेतला की तीच पट्टी पुन्हा वापरता येते. शिवताना तो जुन्याच बाजूला शिवला आहे ना, एवढे पाहून घ्यावे.